नऊ प्रश्नांचा कागद हातात आला की

आमच्या मनोविकार विभागाच्या ओपीडीत नंबर लागेपर्यंत सिस्टर एक कागद हातात देतात. त्यावर नऊ प्रश्न असतात आणि प्रत्येकापुढे चार चौकोन. ‘एवढं भरून ठेवा,’ म्हणून त्या पुढच्या माणसाकडे वळतात. मी तिथे सोशल वर्कर म्हणून बसते, त्यामुळे तो कागद कसा भरला जातो ते रोज बघते. पुष्कळदा ज्याचा आजार त्याच्या हातात पेनच नसतं. सून भरते, मुलगा भरतो, सोबत आलेला शेजारीसुद्धा भरतो.

मागे एक आजोबा आले होते, सत्तरीच्या पुढचे. सून शेजारी बसून भराभर विचारत होती. ‘बाबा, झोप लागते ना?’ ‘लागते की.’ तिने शून्यावर खूण केली. ‘कामात मन लागतं?’ ‘आता मला कसलं काम?’ पुन्हा शून्य. बेरीज झाली सहा, म्हणजे किरकोळ. आत गेल्यावर डॉक्टरांनी निराळं विचारलं, ‘पहाटे उठता किती वाजता?’ ‘तीनला. मग सहापर्यंत छताकडे बघत पडून असतो.’ ‘पेपर वाचता?’ सून मध्येच म्हणाली, ‘चार महिने घडीसुद्धा मोडलेली नाही.’ तोच कागद डॉक्टरांनी समोर बसून पुन्हा भरून घेतला, तेव्हा बेरीज सतरा आली.

सून खोटं लिहीत नव्हती आणि आजोबाही खोटं बोलत नव्हते. झोप लागणं वेगळं, झोप टिकणं वेगळं. एवढ्या एका फरकावर आजार ‘किरकोळ’चा ‘बराच’ होऊ शकतो. म्हणून हा कागद काय आहे, तो कुठून आला आणि त्याच्या जोरावर उपचारांचे जे दावे केले जातात ते कसे वाचायचे, हे पेशंटला आणि घरच्यांना माहीत असावं असं मला वाटतं.

कागदाचं नाव पीएचक्यू-९. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के या तिघांनी तो अमेरिकेत तयार केला, आणि तो किती भरवशाचा आहे हे सांगणारा त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पैसा फायझर या औषध कंपनीचा होता. कागद वापरायला फुकट आहे आणि जगभर चालतो, त्यामुळे मला यात काही काळंबेरं दिसत नाही; पण माहीत असलेलं बरं. गेल्या दोन आठवड्यांत नऊ त्रासांपैकी कोणता किती दिवस झाला, एवढंच तो विचारतो. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून बराच आणि वीसपासून तीव्र नैराश्य, अशी ढोबळ पायरी.

त्या अभ्यासात सहा हजार पेशंटांकडून कागद भरून घेतला होता आणि त्यांतल्या ५८० जणांच्या तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखती घेतल्या होत्या. दहा ही रेघ धरली, तर नैराश्य असलेल्या शंभरातले ८८ कागदाने बरोबर पकडले आणि नसलेल्या शंभरातले ८८ बरोबर सोडले. ऐकायला झकास वाटतं. पण जरा हिशेब मांडून बघा. तुमच्या वसाहतीत एक हजार माणसं आहेत आणि त्यांतल्या पन्नास जणांना खरोखर नैराश्य आहे असं धरू. कागद त्यांतले ४४ पकडेल. उरलेल्या ९५० मधल्या शंभरातल्या बारांना तो चुकून बोट दाखवेल, म्हणजे ११४ जणांना. दहा किंवा त्याहून जास्त गुण आलेले झाले १५८, आणि त्यांतले खरे आजारी ४४. कागद तोच, पण ओपीडीत आधीच त्रासलेली माणसं आलेली असतात, म्हणून तिथे त्याचा नेम बरा लागतो. मोबाइलवर सरसकट फिरणाऱ्या चाचण्यांमध्ये लागत नाही. फोनवर अकरा गुण आले म्हणून स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका. तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा, इतकीच त्याची किंमत. आणि गुण कमी आले पण माणूस जेवत नाही, उठत नाही, तर कागद बाजूला ठेवून जा.

कागद जे विचारत नाही ते सांगण्याची जबाबदारी मात्र आपली. आज मन खचलेल्या माणसाच्या आयुष्यात पूर्वी कधी उलटे दिवस आले होते का, हा प्रश्न त्या नऊमध्ये नाही. दोन-तीन तास झोपूनही ताजंतवानं वाटायचं, बोलणं थांबायचं नाही, एका आठवड्यात दोन गाड्या बुक केल्या, कर्ज काढून धंदा मांडला, असं काही झालं असेल तर तो बायपोलर आजार असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर उलटू शकते. पेशंटला ते दिवस आजाराचे वाटत नाहीत, उलट आयुष्यातले सर्वांत चांगले वाटतात. त्यामुळे हे बायकोने, भावाने सांगायचं असतं. थायरॉइड, बाळंतपण, दारू, चालू असलेली इतर औषधं, घरात नुकताच झालेला मृत्यू हेही तो कागद विचारत नाही. डॉक्टरांनी थायरॉइडची किंवा बी-१२ ची तपासणी लिहून दिली तर ‘मनाच्या आजाराला रक्त कशाला?’ म्हणून टाळू नका. दुसरं काही कारण नाही ना, ते बघायला ती असते. मात्र ‘ब्रेन मॅपिंग करून नैराश्याचं निदान’ अशी जाहिरात दिसली तर खिशाला हात लावण्याआधी थांबा. एकट्याने नैराश्याचं निदान करील असं स्कॅन किंवा रक्ताची चाचणी आजमितीला रोजच्या वापरात नाही. निदान होतं ते बोलण्यातून, बघण्यातून आणि घरच्यांच्या सांगण्यातून.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा आहे. तिथे आलं की घरच्यांचं पेन अडखळतं. ‘हे विचारलं तर उगाच डोक्यात येईल,’ असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. यावर बरेच अभ्यास झालेत आणि विचारल्याने तो विचार पेरला जातो असं त्यांत दिसलेलं नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटलेले पेशंट मी पाहिलेत. त्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर बेरीज किती का येईना, त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला. रात्री-अपरात्री गरज पडली तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे; मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

आता उपचारांकडे. ‘नवीन संशोधनात सिद्ध झालंय’ हे वाक्य वर्तमानपत्रात, मेडिकलच्या काउंटरवर आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज भेटतं. त्यामागेही असाच एखादा कागद असतो. नैराश्याच्या औषधांच्या अभ्यासात बहुधा हॅमिल्टन यांची मोजपट्टी वापरतात. मॅक्स हॅमिल्टन हे इंग्लंडमधल्या लीड्सचे मनोविकारतज्ज्ञ, आणि ही पट्टी त्यांनी १९६० साली मांडली. सतरा प्रश्न, जास्तीत जास्त ५२ गुण, आणि ती पेशंट नाही तर मुलाखत घेणारा भरतो. यातली गंमत बघा. सतरातले तीन प्रश्न एकट्या झोपेचे आहेत: झोप लागायला वेळ, मध्ये मोड, पहाटे लवकर जाग. प्रत्येकाला दोन, असे सहा गुण. मग जे औषध मूळ उदासी हलवत नाही पण गाढ झोपवतं, तेही या पट्टीवर काही गुण कमावून जातं. म्हणून ‘गुण उतरले’ असं कुणी म्हटलं, की कशाचे उतरले ते विचारावं.

औषधं मुळात काम करतात का, यावरचा मोठा आढावा २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आंद्रेआ चिप्रियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ पेशंटांची माहिती एकत्र केली. त्यांनी तपासलेली २१च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली. पण फरक मोठा नव्हता; हॅमिल्टनच्या पट्टीवर सरासरी दोनेक गुणांचा. याचा अर्थ ‘गोळ्या म्हणजे थोतांड’ असा काढणारे आहेत आणि ‘गोळ्यांवाचून तरणोपाय नाही’ असा काढणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. सरासरीत एखाद्याचे पंधरा गुण उतरलेले असतात, तर एखाद्याचा एकही नाही. शिवाय प्लासिबोवालेही चांगलेच सुधारतात, कारण माणूस डॉक्टरकडे येतो तो अगदी वाईट दिवसांत, आणि वाईट दिवस काही अंशी आपोआप ओसरतात. त्यात दर आठवड्याला कुणीतरी आपुलकीने चौकशी करतं, त्याचाही गुण येतोच. भावाला लागू पडलेली गोळी तुम्हाला का लागू पडत नाही याचं कारण त्या सरासरीतच आहे, आणि शेजारणीला गुण आला नाही म्हणून आपली गोळी सोडू नये याचंही.

गोळी सुरू झाल्यावर किती थांबायचं, हे लोक सर्वांत जास्त विचारतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी असले त्रास आधी येतात आणि गुण मागून येतो. चार ते सहा आठवडे, तेही पुऱ्या डोसवर, दिल्याशिवाय ‘लागू पडत नाही’ म्हणता येत नाही. अमेरिकेत ‘स्टार-डी’ नावाचा मोठा अभ्यास झाला, चार हजारांवर पेशंट घेऊन. पहिल्या औषधाने साधारण तिघांतला एक पूर्ण बरा झाला. बाकीच्यांना दुसरं औषध, मग तिसरं, मग चौथं दिलं. सगळ्या पायऱ्या मिळून ६७ टक्के बरे होतील असा हिशेब २००६ साली मांडला गेला. पुढे २०२३ मध्ये काही संशोधकांनी तीच माहिती मूळच्या ठरलेल्या नियमांनी पुन्हा तपासली आणि ३५ टक्केच भरतात असं लिहिलं. तज्ज्ञांमध्ये त्यावर अजून वाद आहे. तुमच्या कामाची गोष्ट दोन्ही आकड्यांत एकच: पहिली गोळी लागू न पडणं हे नेहमीचं आहे. त्यात तुमचं नशीब फुटलेलं नाही आणि डॉक्टरही चुकलेले नाहीत. बदल करायचा तो डॉक्टरांना सांगून करायचा. बरं वाटलं म्हणून किंवा वाटलं नाही म्हणून गोळी एकदम बंद केली, तर चक्कर, चिडचिड, अंगात करंट मारल्यासारखं होणं असले प्रकार होतात, आणि ते आजारच उलटलाय असं समजून घर घाबरतं.

या काळात एक साधी वही करा. आजोबांच्या सुनेने नातवाची अर्धी कोरी वही घेतली होती. रोज एकच ओळ. ‘मंगळवार – ३.२० ला उठले, चहा अर्धा.’ ‘शुक्रवार – दाढी केली, कुणी सांगितलं नव्हतं.’ ‘रविवार – पेपर उघडला, शब्दकोडं पाच मिनिटं.’ दाढीची ओळ पाचव्या आठवड्यातली. डॉक्टरांनी आधी वही वाचली आणि मग गुणांचा कागद पाहिला. रोज नऊ प्रश्न विचारून माणसाला हैराण करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

गोळ्यांशिवायच्या उपचारावर एक फार महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारी, गोव्यात झाला. ‘संगत’ ही संस्था आणि विक्रम पटेल यांच्यासारखे संशोधक त्यामागे होते. २०१३ ते २०१५ दरम्यान दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जण निवडले, सगळ्यांचे पीएचक्यू-९ गुण १४ च्या वर. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. दोन्ही गटांना केंद्रातले नेहमीचे उपचार होते, आणि एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ भेटी. भेटायला येणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. तिथलीच, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेली माणसं होती. त्यांचं सूत्र साधं होतं. मन लागलं की काम करू असं आपण म्हणतो. ते म्हणायचे, छोटं काम करून बघू, मन मागून येतं. मग दळण आणणं, बहिणीला फोन, चर्चला किंवा देवळात जाऊन येणं, अशी कामं दिवस-वेळ ठरवून. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांतले ६४ टक्के दहाच्या रेघेखाली आले होते, न मिळालेल्यांतले ३९ टक्के. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. घरी करायचं तर यातली गोम एवढीच की काम हास्यास्पद वाटावं इतकं लहान असलं पाहिजे. ‘रोज पाच किलोमीटर चाल’ सांगितलं तर माणूस पहिल्या दिवशीच हरतो. ‘चप्पल घालून फाटकापर्यंत जाऊन या’ हे चालतं.

आता एक खोच. त्या अभ्यासात १८ ते ६५ वयाचीच माणसं होती, म्हणजे आमच्या आजोबांना त्यात जागा नव्हती. कोणताही उपचार ‘सिद्ध’ झालाय म्हटलं की, कुणावर झाला हा माझा पहिला प्रश्न असतो. सुदैवाने गोव्यातच साठीच्या पुढच्या १८१ जणांवर वेगळी चाचणी झाली. थोडी लक्षणं असलेल्या वृद्धांना अडचणी सोडवण्याचं आणि झोपेचं वळण शिकवलं. वर्षभरात त्यांच्यातल्या चौघांना नैराश्य आलं, आणि दुसऱ्या गटात तेरा जणांना. आकडे लहान आहेत, पण माणसं आजोबांच्या वयाची आहेत.

दुसरा प्रश्न, तुलना कशाशी केली? विदर्भातल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचलेले आधी ४.३ टक्के होते, ते नंतर २७.२ टक्के झाले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या भागात ही मोठी गोष्ट आहे. पण कार्यक्रम न राबवलेली गावं तुलनेला नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय त्यालाच द्यायचं का, हे तेवढ्यावरून ठरत नाही. काम उत्तम असू शकतं आणि पुरावा अर्धवटही असू शकतो.

तिसरा प्रश्न, आपल्याला काय मिळतंय हे पेशंटला कळत होतं का? सध्या शहरांत केटामाइनचा बराच बोलबाला आहे. हे मूळचं भुलीचं औषध आणि त्याने तरंगल्यासारखं होतं, त्यामुळे सलाइन कुणाला लागलं आणि औषध कुणाला, हे पेशंटला चटकन ओळखू येतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक नामी युक्ती केली. नैराश्य असलेले आणि दुसऱ्याच कारणासाठी ऑपरेशन ठरलेले चाळीस पेशंट घेतले आणि ते भुलीत असताना केटामाइन किंवा नुसतं सलाइन दिलं. दोन्ही गट भरपूर सुधारले आणि त्यांच्यात फरक आढळला नाही. आपल्याला केटामाइन मिळालं असा ज्यांचा समज होता, ते जास्त सुधारले. चाळीस माणसांवरून केटामाइन निकालात काढता येत नाही, आणि ज्यांना इतर काहीच लागू पडलं नाही अशांना त्याचा उपयोग झालेला डॉक्टर सांगतात. पण एका इंजेक्शनात चमत्कार सांगणाऱ्या दवाखान्यात हा प्रश्न जरूर विचारा. आरटीएमएसचंही तसंच. डोक्यावर चुंबकीय लहरी सोडायच्या या उपचाराला आधार आहे, पण मुख्यतः औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात, आणि आठवड्याला पाच दिवस असं चार-सहा आठवडे जावं लागतं. पहिल्याच भेटीत पूर्ण पॅकेजचे पैसे मागितले, तर घरी येऊन विचार करून सांगतो म्हणा.

विजेच्या उपचाराची, ज्याला लोक ‘शॉक’ म्हणतात, सिनेमाने करून ठेवलेली भीती मात्र निघायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो देण्यावर बंदी आहे. तीव्र नैराश्यात, माणूस अन्नपाणी सोडून बसलेला असतो तेव्हा, त्याइतका लवकर गुण देणारे उपाय थोडे आहेत. काही काळ विसरायला होतं हे खरं, आणि ते आधी नीट विचारून घ्यावं. त्याच कायद्याने आपली वैद्यकीय कागदपत्रं मागण्याचा हक्कही पेशंटला दिलाय. डॉक्टर बदलताना फाईल मागायला संकोच नको.

आता कधीतरी डॉक्टर तुम्हालाच विचारतील, ‘एक अभ्यास चालू आहे, त्यात भाग घेता का?’ लगेच ‘आमच्यावर प्रयोग!’ म्हणून दचकू नका, आणि डॉक्टर म्हणतायत म्हणजे आपल्या भल्याचंच, म्हणून मान डोलावू नका. नेहमीच्या उपचारात डॉक्टर तुमच्याकडे बघून गोळी ठरवतात, अभ्यासात ती चिठ्ठीने ठरू शकते. हा फरक सही करण्याआधी डोक्यात पक्का बसला पाहिजे. माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी न्या; आजच सही करा म्हणत असतील तर नको म्हणा. औषधाच्या चाचणीची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद लागते. तिचा क्रमांक विचारा आणि घरातल्या कॉलेजच्या पोराला इंटरनेटवर शोधायला लावा. नैतिकता समितीचा फोन नंबर कागदावर आहे का बघा. प्लासिबो मिळण्याची शक्यता किती, चालू गोळ्या थांबवणार का, रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, हे विचारा. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. आणि मधूनच बाहेर पडलात तर तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत, हेही माहीत असू द्या.

गेल्या वर्षी एका बाईंपुढे असंच संमतीपत्र होतं. चौथी शिकलेल्या, भाजी विकणाऱ्या. मुलाने सगळं वाचून दाखवलं. त्या गप्प बसून ऐकत होत्या, मग म्हणाल्या, ‘अभ्यास संपला की या गोळ्या कोन देनार? आन् त्या मेडिकलात मिळतात का?’ आम्हा कुणाला हे विचारायचं सुचलं नव्हतं. संशोधक डॉक्टरांना दोन फोन करावे लागले. मग त्यांनी संमतीपत्राच्या मागे पेनाने उत्तर लिहिलं, खाली सही केली, आणि त्यानंतर बाईंनी आपली केली.